कोर्टात बांधलेला नंदी

"शिंगं माही, शेपूट माही, चारही पाय माहे, अन् हा म्हणते नंदी कोनाचा ते कोर्टाले विचारू," साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून थोरला ओरडत होता. तो इतक्या जोरात ओरडत होता की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं उडून कलेक्टर कचेरीवर जाऊन बसली आणि त्यांनी पुन्हा न्यायव्यवस्थेकडे तोंड म्हणून वळवलं नाही. "बापानं जाताना माह्या हातात कासरा देल्ला. याच्या हातात काय देल्लं? घंटा."

"हाव, घंटाच देल्ली," मागच्या बाकावरून धाकट्यानं तितक्याच जोरात उत्तर दिलं. "नंदीच्या गळ्यातली. ज्याची घंटा त्याचा नंदी."

न्यायाधीश साहेब घाटाखालून नुकतेच बदलून आलेले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, हा नंदी नक्की करतो काय?"

मी धाकट्याचा वकील. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगात नवा काळा कोट आणि घशात असा आवाज की वर्ध्याच्या कोर्टात मी उलटतपासणीला उभा राहिलो की देवळीच्या बस थांब्यावरचे लोक खरं बोलायला लागायचे. मी म्हणालो, "साहेब, नंदी वर्षभर काही करत नाही. पण एक दिवस तो चालला नाही, तर गावात वर्षभर काहीच चालत नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे निकालपत्रात ते कुठे आलं नाही. मुळात निकालपत्रच आलं नाही.

आमच्याकडचा नसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. पोळ्याला खऱ्या बैलांची मिरवणूक असते, ती सगळीकडेच असते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी बैल गोठ्यात आराम करतात आणि पोरंसोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात. तोरण तुटलं की पोळा फुटतो, मग पोरं नंदी ओढत दारोदार जातात आणि प्रत्येक घरातून बोजारा घेतात: कुठे नाणं, कुठे करंजी, कुठे नुसता आशीर्वाद, आणि आशीर्वाद देणाऱ्या घराचं नाव पोरं वर्षभर लक्षात ठेवतात. बहुतेक नंदी काखेत मावतील एवढे. पण देवळीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या गावात (हाक माझी धरायची, दुसऱ्याच्या हाकेला बस करावी लागते) एक मोठा नंदी होता. या दोन भावांच्या बापानं अख्ख्या सागाच्या खोडातून करवून घेतलेला. तो निघाल्याशिवाय गावातला एकही नंदी निघत नसे, आणि पोळा फुटल्यावर तो ज्या दारात पहिला जाई ते घर मानाचं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याची शिंगं पिंपळाच्या दुसऱ्या फांदीला घासत होती. आता लोक म्हणतात की तो जेमतेम माणसाच्या छातीएवढा आहे. लाकूड पावसानं आकसतं.

बाप गेला, भाऊ वेगळे निघाले. शेत वाटलं, मधे बांधाचा धुरा घातला, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, भांडीकुंडी, गुंडगंगाळ वाटून झालं. दोन्ही घरं समोरासमोर, मधे गल्ली. राहिला नंदी. तो कोणाच्या दारातून निघायचा आणि कोणाच्या दारात पहिला यायचा यावर तंटामुक्त समितीची बैठक झाली. बैठकीनंतर समितीतच तंटा झाला आणि प्रकरण कोर्टात आलं.

मी अर्ज दिला की अंतिम निकालापर्यंत थोरल्यानं नंदीला हात लावू नये. समोरच्या वकिलांनी अर्ज दिला की धाकट्यानं लावू नये. साहेबांनी दोन्ही अर्ज मंजूर केले. मी जिंकलो म्हणून धाकट्यानं पेढे वाटले, समोरचे जिंकले म्हणून थोरल्यानं वाटले, आणि दोघांचे पेढे खाऊन कोर्टाचे नाझर नंदी ताब्यात घ्यायला गावात गेले. दोघांनीही हात लावायचा नाही म्हटल्यावर तो ठेवणार कुठे? कोर्टात.

गाव वेशीपर्यंत पोहोचवायला आलं. बाया रडल्या. मी ट्रॉलीवर चढून जाहीर केलं, "पुढच्या तान्ह्या पोळ्याला नंदी याच तोरणाखाली उभा असेल. नसला तर नाव बदलून टाकीन."

या लेखात मी स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही, ते चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

नंदी कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली उभा राहिला. पहिले काही महिने वकिलांनी त्याच्या शिंगांवर कोट वाळत घातले. स्टँपवाल्यानं आपल्या ताडपत्रीची दोरी त्याच्या पायाला बांधली. मग कोणीतरी जामिनाच्या आधी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि जामीन झाला. झालं. त्यानंतर वर्ध्याच्या कोर्टात नारळाशिवाय तारीख लागेना. जिंकलेला म्हणे नंदीनं ऐकलं. हरलेला म्हणे आपणच डाव्या बाजूनं गेलो, उजव्या बाजूनं जायला पाहिजे होतं. नाझर साहेबांचा शिपाई त्याच्यासमोर स्टुलावर बसायचा बंद झाला, उभा राहू लागला.

तारखेला दोघे भाऊ यायचे. गावातून सकाळची एकच बस आणि तीही मनात आलं तर, त्यामुळे थोरल्याच्या मोटरसायकलवर दोघे. पुढे थोरला, मागे धाकटा, रस्ताभर भांडत. धाकटा म्हणायचा, "वकीलसाहेब, गाडी त्याची हाय, पन पेट्रोलचे अर्धे पैसे माहे, हे लिहून घ्या." कोर्टात एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायचे, बाहेर येऊन सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या एकाच पुडीतून दोघं खात, आणि नंदीला तेल लावून परत जायचे.

एक तान्हा पोळा गेला, दुसरा गेला. मोठा नंदी नाही म्हणून गावातले लहान नंदी बिचकत, ओळीशिवाय, कसेबसे तोरणाखालून जायचे. गावातली माणसं मला रस्त्यात भेटली की तब्येतीची चौकशी करायची नाहीत, एवढंच विचारायची, "मंग? कवा आनून राह्यले?"

"प्रक्रिया सुरू आहे," मी म्हणायचो. हे वाक्य मी इतक्या ठामपणे म्हणत असे की ते ऐकून एका पक्षाच्या जिल्ह्याच्या पुढाऱ्याला वाटलं, हा माणूस विधानसभेत पाहिजे.

खरं कारण वेगळं होतं, तेही सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात. म्हणजे एकानं ओरडून चार ओळीत दुसऱ्याची खोड काढायची, दुसऱ्यानं त्याहून मोठ्यानं फेडायची, आणि शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव करायचं. मी त्यात लहानपणापासून तरबेज. एका पोळ्याला पुढारी पाहुणे म्हणून आले होते. माझी झडती ऐकून त्यांच्या गाडीची काच तडकली. ते म्हणाले, "याले उभं केलं तं लाऊडस्पीकरचा खर्च वाचते." आणि मी उभा राहिलो.

वडनेरकडच्या एका सभेत वीज गेली तेव्हा मी तसाच बोललो. पलीकडच्या तालुक्यातल्या लोकांनीही ऐकलं, पण ते मतदारसंघाबाहेरचे निघाले. माझ्या जाहीरनाम्यात पूल होता, रस्ता होता, बसचा थांबा होता. पण लोकांनी मत दिलं ते शेवटच्या ओळीला: नंदी परत आणीन.

निवडून आलो. धाकट्याची केस एका दुसऱ्या वकिलाच्या हाती सोपवली. कालपर्यंतचा 'वकीलसाहेब' आता 'भाऊ' झाला. हिवाळी अधिवेशन नागपूरला, म्हणजे आमच्या अंगणातच. पहिल्याच दिवशी गावातून दोन टेम्पो भरून माणसं गॅलरीत येऊन बसली, थोरला आणि धाकटा पहिल्या रांगेत. मी उठलो, छाती भरून श्वास घेतला आणि गरजलो, "मिलॉर्ड..."

सभागृह हसलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सावरलो आणि नंदीचा प्रश्न मांडला: लाकडी नंदी कोर्टाच्या ताब्यात, गावाचा सण अडलेला, शासन काय करत आहे. मी अर्धं मिनिट बोललो असेन. खिडक्यांची तावदानं थरथरत होती, लघुलेखकानं कानात बोळे घातले होते.

"सन्माननीय सदस्यांनी लक्षात घ्यावं," अध्यक्ष म्हणाले, "ही बाब न्यायप्रविष्ट आहे. सभागृहात चर्चा करता येणार नाही."

"अध्यक्ष महोदय, मला माहीत आहे. मीच ती प्रविष्ट केली आहे."

"मग आपणच काढा," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत ज्याला संधी मिळेल तो मला पाहून हसत होता.

मी गप्प बसणारा नव्हतो. शेतकऱ्याचा जिवंत बैल जप्त करता येत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. लाकडी बैलाबद्दल कायदा गप्प आहे. मी अशासकीय विधेयक आणलं की जे संरक्षण जिवंत बैलाला तेच तान्ह्या पोळ्याच्या नंदीला असावं. मसुदा इतका देखणा होता की सचिवालयातल्या बाईंनी विचारलं, "सर, हे कुणी लिहिलं?" विधेयकाचा नंबर लागेपर्यंत अधिवेशन संपलं. पुढच्या अधिवेशनात नंबर लागेपर्यंत तेही संपलं. माझी मुदत संपेपर्यंत विधेयक नंबराची वाट पाहत बसलं होतं आणि नंदी कडुनिंबाखाली तारखेची.

बाकी कामं मात्र झाली, ते नाकारून चालणार नाही. पूल झाला. थांबा झाला. रस्ता असा गुळगुळीत झाला की हिंगणीहून जंगलात फिरायला निघालेले लोक वाट वाकडी करून नुसता रस्ता पाहायला यायचे. दुसऱ्या निवडणुकीला मी मत मागायला गावात गेलो. धाकटा ओट्यावर बसला होता.

"पूल कसा वाटला?" मी विचारलं.

"मस्त आहे, भाऊ."

"मग?"

"मंग पुलावून येईन कोन? नंदी तं तिकडं आहे."

समोरच्या ओट्यावरून थोरल्यानं मान हलवली. दोघांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विरोधी उमेदवारानं जीपवर पुठ्ठ्याचा नंदी बांधून गावोगाव फिरवला. भाषण नाही, आश्वासन नाही, नुसता पुठ्ठ्याचा नंदी. मी पडलो, आणि असा पडलो की माझ्या पक्षाला कितीतरी दिवस सापडलो नाही.

पुन्हा काळा कोट घातला. वकिली आमदारकीतही बंद नव्हती, ती आता पूर्णवेळ सुरू झाली. राजकारणाचा राजीनामा दिला, अभ्यासाला बसलो आणि काही वर्षांनी जिल्हा न्यायाधीशांच्या थेट भरतीची परीक्षा दिली. घरी बायको म्हणाली, "तुम्हाला दिवसभर गप्प बसायचं आहे, कळलं आहे ना?" मला वाटलं, चेष्टा करते. मुलाखतीला गेलो तर समोर बसलेल्या वरिष्ठ न्यायमूर्तींनी नेमका तोच प्रश्न विचारला. "तुम्ही वकील होता, आमदार होता. तुम्हाला गप्प बसता येतं का?"

मी उत्तर दिलं नाही.

ते थांबले. मी थांबलो. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. शिपायानं चहा आणला, तो गार झाला, त्यावर साय आली. शेवटी न्यायमूर्ती म्हणाले, "ठीक आहे." माझी निवड झाली. आयुष्यातलं माझं सर्वांत प्रभावी भाषण तेच.

स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही, म्हणून मी कोकणात गेलो. तिथे माणसं इतकं हळू बोलतात की साक्षीदारानं काय सांगितलं हे समजायला मला त्याच्या ओठांकडे पाहावं लागे. मी नुसतं "पुढची केस" म्हणालो की आवाराबाहेरच्या माडावरून नारळ पडायचे, आणि ज्याच्या हद्दीत पडले त्यावरून नवा दावा दाखल व्हायचा. पण शिकलो. आवाज दाबायला शिकलो. फक्त एकदा घोटाळा झाला. एका अर्जावर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तंद्रीत म्हणालो, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." दोन्ही वकील एकदम "होय" म्हणाले. मी म्हणालो, "प्रस्ताव संमत." अपिलात तो निकाल कायम झाला, असं ऐकतो.

एका सुट्टीच्या सकाळी बंगल्याच्या फाटकाशी आवाज आले. ओळखीचे, भांडणारे. बाहेर येऊन पाहतो तर थोरला आणि धाकटा. दोन गाड्या बदलून आलेले, हातात वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांची पुडी.

"साहेब," थोरला म्हणाला. आता 'भाऊ'चा 'साहेब' झाला होता. "आमची केस इथं मांगवून घ्या न. तुमच्या हातानं उडवून टाका."

"अशी मागवता येत नाही," मी म्हणालो. "आणि आली तरी मला चालवता येणार नाही. मी धाकट्याचा वकील होतो."

"माही हरकत नाई," थोरला म्हणाला.

"माही आहे," धाकटा म्हणाला. "साहेबाच्या मनात तवापासून माह्याबद्दल राग हाय. माही शेवटची फी राह्यली व्हती."

मी गोरसपाक परत दिला. न्यायाधीश कोणाकडून काही घेत नाही. दोघं फाटकाबाहेरच्या दगडावर बसले, माझ्यासमोर सगळी पुडी संपवली आणि निघून गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या काळ्या गाऊनपेक्षा पोळ्याचं तोरण बरं.

निवृत्त झालो आणि वर्ध्याला परत आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालो, पाय मात्र कोर्टाकडे गेले. नंदी कडुनिंबाखाली होता. रंग उडालेला, एक कान गायब, कपाळावर कुंकवाचा थर असा चढलेला की तो आता चांगल्या घरातला पोक्त गृहस्थ दिसत होता. शेजारी दोघे भाऊ. आज तारीख होती.

"या, साहेब," धाकटा म्हणाला. "तुम्ही वकील व्हते, आमदार झाले, जज झाले. थो तिथंच आहे."

"त्याची बढती नाई झाली," थोरला म्हणाला.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, असं सांगायला आवडलं असतं. पण जेवलो, आणि जेवताना सुचलं. आपल्या कायद्यात देवाला माणसासारखं उभं राहता येतं. देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावतो. फक्त देव अज्ञान, म्हणजे वयानं लहान, समजला जातो, म्हणून त्याच्या वतीनं एखाद्या सज्ञान माणसानं बोलायचं. त्याला वादमित्र म्हणतात. इतकी वर्षं एक अर्ज थोरल्याचा यायचा, एक धाकट्याचा, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकायचे. तिसरा अर्ज कोणी दिलाच नव्हता. नंदीचा.

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी अर्ज दाखल केला. अर्जदार: नंदी, राहणार कोर्टाचे आवार, वर्धा; तर्फे वादमित्र, मी. मागणी एकच: सणापुरतं गावी जाऊ द्यावं.

न्यायासनावर तरुण बाई होत्या, साताऱ्याकडच्या. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "अर्जदार हजर आहेत?"

"खिडकीतून दिसतात, मॅडम."

थोरल्याचे वकील उठले. म्हणाले, हे खेळणं आहे, देव नव्हे. याची प्राणप्रतिष्ठा कधी झालेली नाही. मी उत्तर द्यायला उभा राहणार होतो. गरज पडली नाही. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली एक माणूस हात जोडून उभा होता, दुसरा नारळ फोडत होता आणि नाझर साहेबांचा शिपाई घंटा वाजवत होता. त्या नारळ फोडणाऱ्याची केस पुढच्याच नंबरला होती. आणि तो थोरल्याच्याच वकिलांचा पक्षकार होता.

"दोन्ही भावांचं म्हणणं काय?" मॅडमनी विचारलं.

"हा नेत नसन तं माही हरकत नाई," थोरला म्हणाला.

"माह्यं बी तेच," धाकटा म्हणाला. "फकस्त नाव उलटं."

देव की खेळणं हा प्रश्न खुला ठेवून मॅडमनी परवानगी दिली: वादमित्रानं जामीनपत्र लिहून द्यावं आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी नंदी सुस्थितीत परत आणावा. नाझर साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला तो मी स्वतः ऐकला. शिपाई मात्र हिरमुसला. त्याचे सणापुरते नारळ गेले.

नंदी ट्रॉलीवर चढला आणि ट्रॅक्टर निघाला. देवळीच्या रस्त्यावर शिंगं विजेच्या तारांना लागतील म्हणून लाइनमननं वीज बंद केली, आणि घरातले सगळे लोक उकाड्यानं बाहेर आले, त्यामुळे मिरवणुकीला गर्दी आपोआप जमली. दुकानदारांनी शटरं अर्धी ओढून हात जोडले. ज्या पुलाबद्दल 'येईन कोन?' असं धाकटा म्हणाला होता, त्याच पुलावरून मी नंदीला घेऊन गेलो. तिथे ट्रॅक्टर मुद्दाम थांबवला. सगळ्यांनी पूल पाहून घेतला.

गावात तोरणाखाली पोरांचे लहान नंदी ओळीनं उभे होते. पूर्वी जी पोरं होती ती आता मिशा वाढवून, आपापल्या पोरांना खांद्यावर घेऊन उभी होती. मोठा नंदी पुढे लागला आणि झडत्या सुरू झाल्या. पहिली झडती थोरल्याची, सरळ माझ्यावर:

"कोर्टाच्या दारी नंदी बांधला, खाऊन राह्यला तारखा,
वकिलाचं पोट सुटत गेलं, नंदी राह्यला सारखा."

हर हर महादेवानं पिंपळ हलला. मी इतक्या वर्षांचा दाबून ठेवलेला आवाज सोडला. माझी झडती इथे छापता येणार नाही, मी निवृत्त न्यायाधीश आहे. एवढंच सांगतो की त्या आवाजानं तोरण आपोआप तुटलं, कोणाला हात लावावा लागला नाही, आणि पोळा फुटला.

आणि मग सगळं गाव जागच्या जागी थांबलं.

कारण नंदी आता त्या गल्लीच्या तोंडाशी आला होता. डावीकडे थोरल्याचं दार, उजवीकडे धाकट्याचं. दोन्ही दारांत रांगोळी, दोन्ही दारांत दोघी जावा आरतीचं ताट घेऊन उभ्या. कासरा माझ्या हातात. कोर्टानं देव की खेळणं हे ठरवलं नव्हतं, मान कोणाचा तेही ठरवलं नव्हतं. सगळं जिथून सुरू झालं होतं, तिथेच मी उभा होतो.

"साहेब," धाकटा म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. आता तं तुम्ही कोनाचेच वकील नाई."

"आमदारही नाई," थोरला म्हणाला. "सांगून टाका."

वकील असताना मी एका बाजूनं बोलायचो. आमदार असताना सगळ्या बाजूंनी बोलायचो. न्यायाधीश असताना बोलायचोच नाही, लिहायचो, आणि लिहिण्याआधी महिने घ्यायचो. इथे कोणी महिने देत नव्हतं. ताटातल्या वाती वाऱ्यानं फडफडत होत्या, पोरं बोजाऱ्यासाठी एकमेकांना ढकलत होती.

मी कासरा ओढला, नंदी गल्लीच्या बरोबर मधे नेला आणि आडवा लावला. गल्ली अरुंद, नंदी लांब. तोंड थोरल्याच्या दाराशी, शेपूट धाकट्याच्या दाराशी.

"ऐका," मी म्हणालो. "या वर्षी नंदीचं तोंड थोरल्या घराकडे. पुढच्या वर्षी वादमित्र पुन्हा अर्ज करील, तेव्हा तोंड धाकट्या घराकडे. दरवर्षी पालटायचं. दोन्ही आरत्या एकाच वेळी व्हायच्या, आणि बोजारा दोन्ही घरांनी एकाच ताटात द्यायचा."

थोरल्याची बायको पुढे आली आणि नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं. धाकट्याची बायको तेवढ्याच गंभीरपणे आली, शेपटीला हळदकुंकू वाहिलं आणि आरती ओवाळली. दोघी एकमेकींना पाहत नव्हत्या, पण ताटं बरोबर एका लयीत फिरत होती. कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि पोरांनी एकाच ताटातल्या करंज्यांवर अशी झडप घातली की ताट नंतर सापडलं नाही. मी मोकळा झालो. अंगावरून जणू सगळे कोट, गाऊन आणि हार एकदम उतरले.

दिवेलागणीला धाकट्याच्या ओट्यावर बसून मी चहा घेत होतो. समोर गल्लीत नंदी आडवाच होता. पोरं त्याच्या पाठीवर चढून बसली होती. समोरच्या ओट्यावर थोरला नंदीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता, तृप्त. धाकट्याच्या ओट्यावरून दिसत होती ती फक्त पाठ, मागचे पाय आणि शेपूट.

"पाहा," मी बशीत चहा ओतत म्हणालो, "वर्षानुवर्षं वकिली केली, विधानसभेत भाषणं केली, न्यायासनावर बसलो. मोठमोठे निकाल दिले, पुस्तकांत छापून आले. पण आजच्यासारखा निकाल मी उभ्या आयुष्यात दिला नाही. दोघांपैकी कोणी हरलं नाही, नंदी घरी आला, आणि पुढच्या वर्षी तोंड तुझ्याकडे. कसा वाटला?"

धाकट्यानं एकदा शेपटीकडे पाहिलं. मग त्यानं बशी खाली ठेवली.

"लेखी द्या," तो म्हणाला.